दूध संस्थेच्या संगणकावर पहारा ठेवताना: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या एका गावात दूध संस्था आहे, तिथला संगणक मी सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी तो चाललाच पाहिजे. कॅन घेऊन माणसं रांगेत असतात, फॅट लागते, वजन होतं, पावती निघते. पुढं दूध न्यायला येणारी गाडी कुणासाठी थांबत नाही.

या लिनक्स संगणकावर पडद्यामागं तीन सर्व्हिस चालतात: नोंदी साठवणारा पोस्टग्रेस डेटाबेस, वजनकाट्याचा आकडा वाचणारा प्रोग्रॅम आणि प्रिंटरकडं छपाई पाठवणारी कप्स. यातली एखादी बंद पडली तरी स्क्रीनवर काहीच दिसत नाही. पावसाळ्यात रात्रभर लाईट गेली की इन्व्हर्टरही संपतो आणि संगणक धाडकन बंद होतो. सकाळी सुरू केल्यावर काट्याची सर्व्हिस मेलेली सापडायची आणि बेळगावात मला फोन यायचा. हे फोन येण्याआधी मला कळावं, म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी कमांडची यादी, लिहायला घेतली.

सुरुवात सोपी होती. ‘सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह’ ही कमांड सर्व्हिसचं नाव दिलं की ॲक्टिव्ह, इनॲक्टिव्ह किंवा फेल्ड असं उत्तर देते. सर्व्हिस चालू असेल तर एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) ० मिळतो, नाहीतर दुसरा आकडा. बॅश या कमांडच्या भाषेत तिन्ही नावं एकेक करून तपासणारा लूप फिरवला, दर मिनिटाला टायमर लावला आणि निरोप टेलिग्रामवर पाठवला.

पण एका संध्याकाळी सेक्रेटरी काकांचा फोन आला, “सगळं चालू हाय म्हणतंय की तुझं मशीन, मग पावती का निघंना?” बघितलं तर कप्स खरंच चालू होती, प्रिंटरची रांग तेवढी थांबली होती. सर्व्हिस जिवंत आहे का आणि ती काम करते आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि संस्थेला दुसऱ्याचंच उत्तर हवं असतं. तिथून पुढं स्क्रिप्ट बदलत गेली.

डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर तर आणखी एक गंमत आहे. तिथं ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाची सर्व्हिस हे नुसतं वेष्टन असतं. खरा डेटाबेस आवृत्तीचा आकडा असलेल्या वेगळ्या नावानं चालतो. तो बंद असला तरी वेष्टन ॲक्टिव्हच दाखवतं. म्हणून मी ‘पीजी-इजरेडी’ ही कमांड वापरतो. डेटाबेस जोडणी घ्यायला तयार आहे का, हे ती थेट त्यालाच विचारते. प्रिंटरसाठी ‘एलपीस्टॅट’नं रांग तपासतो. काट्याचं जरा अवघड होतं. आमचा काटा रिकामा असतानाही सतत वजन पाठवत राहतो. तेव्हा आलेल्या प्रत्येक आकड्याबरोबर प्रोग्रॅमनं एका फाइलची वेळ ताजी करायची, एवढी सोय केली. फाइल शिळी झाली की वायर सुटली किंवा प्रोग्रॅम अडकला. दुपारी काटा बंदच असतो, म्हणून ही तपासणी फक्त संकलनाच्या वेळेतच होते.

लाईट गेल्यानंतरच्या बिघाडाचं मूळ मात्र ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड दाखवते त्या सिस्टिमच्या नोंदीत सापडलं. अचानक बंद झालेला पोस्टग्रेस उठल्यावर आधी आपला लॉग (झालेल्या बदलांची नोंद) वाचून डेटा सावरतो आणि तोवर जोडणी नाकारतो. काट्याचा प्रोग्रॅम जोडणी न मिळाल्यानं बंद पडायचा आणि सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याला लगेच परत उठवायचा. सेटिंग बदललं नसेल तर दोन प्रयत्नांत ०.१ सेकंदाचंच अंतर असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी नाद सोडतो. डेटाबेस तयार होईपर्यंत यांचे प्रयत्न संपलेले! हे अंतर ठरवणारं ‘रीस्टार्टसेक’ सेटिंग १० सेकंद केल्यावर प्रोग्रॅम शांतपणे वाट बघू लागला. माझ्या मते पहाऱ्याच्या स्क्रिप्टचा खरा उपयोग हाच: नेमक्या कुठल्या वेळी काय पडलं ते कळतं आणि मूळ दुरुस्त करता येतं.

निरोपांवरही बराच वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा. दर मिनिटाला तेच वाजत राहिलं की माणसं फोन उलटा ठेवतात. म्हणून मागची स्थिती फाइलमध्ये ठेवतो, सलग दोनदा बिघाड दिसला तरच कळवतो आणि पूर्ववत झालं की एकदा सांगतो. निरोपात ‘काट्याची वायर काढून परत लावा’ असं काय करायचं तेच लिहिलेलं असतं. संध्याकाळी बसणाऱ्या पोराला कन्नड वाचायला सोपं जातं, म्हणून मराठीखाली तेच कन्नडमध्येही. नोंदीच्या शेवटच्या २० ओळी फक्त मला येतात.

राहता राहिला अख्खा संगणकच बंद पडण्याचा प्रश्न, कारण तेव्हा स्क्रिप्टही बोलू शकत नाही. त्यासाठी ती दर ५ मिनिटांनी बेळगावात माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपला खुशाली कळवते. १५ मिनिटं काहीच आलं नाही तर लॅपटॉप मला उठवतो आणि मी काकांना फोन लावतो. बहुतेक वेळा गावात लाईट नसते. मग ते पावतीपुस्तक काढून ठेवतात आणि संकलन हातानं सुरू होतं.