मामांचा तिसरा दिवस

लातूरला आयसीयूबाहेर आज तिसरा दिवस. मामांना लकवा मारला. शेतातून दवाखान्यात येईपर्यंत साडेचार तास उलटून गेले, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ हुकली. आता मेंदूला सूज. सूज उतरवायचं सलाईन, मॅनिटॉल, चालू, उशाकडून पलंग 30 अंश वर.

औशाचे पाहुणे म्हणाले, "सुया टोचणारा आहे एक. टाळूवर सुई मारली की सूज उतरते." मामी लगेच पदर खोचून उठली.

मी डॉक्टरांना विचारलं. (वाटलं, चिडतील. नाही चिडले.) म्हणाले, सुयांनी सूज उतरल्याचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, माणसांत ठोस पुरावा नाही. तिसरा ते पाचवा दिवस सुजेचा, पेशंट हलवू नका.

मामी आत जाऊन मामांच्या तळहातावर बोट फिरवून आली. "अंगठा हलला रं," म्हणाली. मला नाही दिसला.