पिन कुणी वाकवली?

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेतली, म्हणजे सॉकेटमधली, एखादी पिन वाकलेली दिसली की आधी चौकशी समिती बसते, दुरुस्तीचं नंतर बघतात. मुलगा म्हणतो, खोका उघडला तेव्हाच अशी होती. दुकानदार म्हणतो, आमच्याकडून सीलबंद गेलाय. सर्व्हिस सेंटरमधला माणूस काउंटरवरच मोबाइलचा टॉर्च मारून पाहतो आणि ‘फिजिकल डॅमेज’ एवढंच म्हणतो. वॉरंटी तिथे संपली. त्यावर अपील नाही.

पूर्वी हा खटला सोपा होता, कारण पिना प्रोसेसरलाच असायच्या. ज्याने प्रोसेसर हातात धरला, गुन्हेगार तो. मग २००४ साली प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने ७७५ पिनांचं सॉकेट आणलं आणि पिना प्रोसेसरच्या पोटाखालून निघून मदरबोर्डावर जाऊन बसल्या. प्रोसेसरला उरले नुसते सपाट सोनेरी ठिपके. थोड्या जागेत जास्त जोडण्या बसतात वगैरे कारणं आहेत आणि ती खरीही आहेत. मला मात्र त्यातला व्यवहार जास्त दिसतो. पिना ज्याच्या, भानगड त्याची. प्रोसेसरवाला मोकळा झाला आणि बोर्डवाल्याने ती भानगड अलगद गिऱ्हाइकाच्या पदरात टाकली. इंटेलच्या स्पर्धक एएमडीने घरगुती प्रोसेसरवर पिना बरीच वर्षं टिकवल्या. त्यांच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला त्या १३३१ आहेत. २०२२ मध्ये एएम५ आलं आणि त्यांच्याही पिना, आता १७१८, बोर्डावर गेल्या.

एएम४ ची एक खोड सांगून ठेवतो, कारण जुने प्रोसेसर अजून हातोहात विकले जातात. प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असली की कूलर उचलताना त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, त्याला धरून ठेवणारा सॉकेटचा खटका बंद असला तरी. म्हणून आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, मग बंद करून कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवायचा, आणि सुटला की उचलायचा. तरीही पिना वाकल्याच तर शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीचं टोक एकेका पिनेवर चढवून ती उभी करता येते. त्या पिना म्हणजे सरळ खांब. उभा केला की काम झालं.

सॉकेटमधल्या पिनांचं तसं नाही. त्या जन्मतःच वाकड्या. प्रत्येक पिन म्हणजे एक बारीकशी स्प्रिंग, सरळ बोटाने न निघणाऱ्या तुपासाठी वाकडं केलेलं बोटच म्हणा. वरून प्रोसेसर ठेवून खटका दाबला (तेव्हा जी करकर होते तिने पहिल्यांदा दाबणाऱ्याचं काळीज हलतं) की ही सगळी बोटं किंचित दबून आपापल्या ठिपक्याला टेकतात. त्यामुळे इथे पिन सरळ करायची नसते, शेजारणीइतकीच वाकडी करायची असते. हे न कळल्यामुळे चांगल्या चांगल्या लोकांनी बोर्ड घालवलेत.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, ११५५ सॉकेटचा एक जुना बोर्ड आणला. मशीन चालू झालं, पण रॅम लावली सोळा जीबी आणि दिसत होती आठ. “काका, रॅम खराब असेल का हो?” रॅमच्या पट्ट्या अदलून बदलून पाहिल्या, दोन्ही ठीक. प्रोसेसर काढला. वरून पाहिलं तर सगळं आलबेल. मग बोर्ड टेबललॅम्पखाली तिरका धरला. पिनांची टोकं ओळीने एकदम चमकतात, बोर्ड हलवला की चमक एका ओळीवरून पुढच्या ओळीवर सरकते. एका जागी ती अडली. तिथली पिन शेजारणीच्या अंगावर रेलली होती, टेकायला केसाचं अंतर.

भिंग आणि शिवणाची बारीक सुई, एवढीच अवजारं. सुईचं टोक पिनेखाली घालायचं, किंचित उचलायचं, थांबायचं, पुन्हा उजेडात पाहायचं. वरून दाबायचं नाही. आणि पुन्हा पुन्हा वाकवायचं तर मुळीच नाही, कारण हा धातू दोनचार हेलपाट्यांत थकतो आणि तुटतो. तुटली तरी लगेच कपाळाला हात लावू नये. यातल्या बऱ्याच पिना नुसत्या वीज आणि अर्थिंगच्या असतात, एकीचं काम दुसऱ्या उचलतात, आणि मशीनला पत्ताही लागत नाही. रॅमच्या वाटेवरची गेली तर मात्र अर्धी रॅम गायब. ग्राफिक्स कार्डाच्या वाटेवरची गेली तर कार्ड स्लॉटमध्ये असून नसल्यासारखं. पिन तीच, नशीब कुठे उभी आहे त्याचं.

सोळा दिसले. त्याचे वडील खाली आले ते “आम्ही आणला तेव्हा तर चांगला होता” म्हणतच.

या धंद्यात एकच पुरावा चालतो, सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी. प्रोसेसर बसवताना ती निघते आणि नव्या खोक्याच्या आनंदात थर्माकोलबरोबर कचऱ्यात जाते. वॉरंटीसाठी बोर्ड पाठवताना तीच मागतात, कारण उघड्या सॉकेटचा बोर्ड कुरियरने पाठवणं म्हणजे पिनांची वाट लावायला पाठवणं. मी आलेली प्रत्येक टोपी एका डब्यात टाकून ठेवतो. घरात त्या डब्याला नावं ठेवून झालीत.

परवा एकजण १७०० च्या सॉकेटची टोपी मागायला आला. बोर्ड पिशवीतच होता. टोपी लगेच काढून दिली. “जाता जाता पिनांवर एक नजर टाकता का?” म्हणाला. शेवटचा हात कुणाचा लागला हे सर्व्हिस सेंटरवाले पहिल्यांदा विचारतात, हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाहीये म्हटलं.