मायक्रोमीटर शिकवताना

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रशिक्षणाचे काम पाहते. लेथवर कातलेल्या शाफ्टचा व्यास तपासणी विभागाची वाट न पाहता ऑपरेटरने स्वतःच मायक्रोमीटरने, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या उपकरणाने, मोजावा असे ठरले आणि चोवीस जणांना त्यासाठी तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून असे शिकण्याचे चार कल मानणारी, १९९२ पासून प्रचारात असलेली ‘वार्क’ ही मांडणी मला मनापासून पटली होती. तिच्या धर्तीवर मराठीत प्रश्नावली करून मी गट पाडले. एका गटाला तक्ते आणि व्हिडिओ दाखवले, दुसऱ्याला तोंडी समजावले, तिसऱ्याच्या थेट हातात मायक्रोमीटर दिला.

पंधरा दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा प्रत्येक गटाच्या चुका वेगळ्या निघाल्या. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात तो सरकतो ते अंतर) ०.५ मिलिमीटर आणि थिंबलवर, म्हणजे बाहेरच्या फिरत्या नळीवर, ५० भाग, म्हणजे एका भागाला ०.०१ मिलिमीटर, हा हिशेब तक्त्यांवर शिकलेल्यांना तोंडपाठ होता. पण ठराविक दाबानंतर नुसतेच फिरणारे टोकाचे रॅचेट सोडून थिंबलच आवळल्यामुळे त्यांचे माप कमी येत होते. हाताने शिकलेल्यांचा दाब अचूक होता, मात्र स्लीव्हवरची, म्हणजे आतल्या स्थिर नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्यांच्याकडून सुटत असे आणि १२.७३ च्या जागी १२.२३ लिहिले जाई. ज्याला जे शिकवले नव्हते तेच त्याला येत नव्हते. चूक माझ्या वाटणीत होती.

पुढे मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा वाचला. व्यक्तीच्या शैलीप्रमाणे शिकवल्यास ती अधिक चांगली शिकते, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नव्हता. मी गट मोडले. रेघा वाचणे डोळ्यांचे काम आहे, म्हणून त्या सर्वांना फळ्यावर मोठ्या काढून दाखवल्या. दाब हे बोटांचे काम आहे, म्हणून सर्वांकडून डोळे मिटून रॅचेट फिरवून घेतले. आणि प्रत्येकाने आपले माप शेजाऱ्याला मोठ्याने सांगायचे, असा नियम केला.

माणसामाणसांत फरक नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. कुणी आयटीआय करून आलेला असतो, कुणाला दशांश चिन्हाचीच भीती वाटते, कुणाला मराठीपेक्षा हिंदी जवळची असते. आणि हे फरक प्रश्नावलीत उमटत नाहीत. पन्नाशीच्या एका काकांना मी ‘करून शिकणारे’ ठरवले होते, कारण कागद दिला की ते तो बाजूला ठेवत. फेरप्रशिक्षणात त्यांच्या शेजारी बसले, तेव्हा ते मायक्रोमीटर हातभर लांब धरून वाचत असल्याचे माझ्या लक्षात आले. मी त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितले. पुढच्या आठवड्यात ते चाळिशी लावून आले, स्लीव्ह उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, इथं खाली अजून रेघा आहेत. या मला आजवर दिसल्याच नव्हत्या.”