तोंडाला रक्त

टेबलावर सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. उजवा डोळा घट्ट मिटलेला, पाणी गळतंय. एरवी लस टोचताना त्याचं डोकं कुशीत धरणारी बाई आज दारापाशीच थांबली होती.

"यानं सकाळी ससा मारला, डॉक्टर. आमचाच. दोन वर्षं एका घरात राहिले दोघं."

ससा पिंजऱ्यातून निसटून खोलीभर पळाला, एवढंच निमित्त झालं.

डोळ्यात फ्लुरोसीनचा, म्हणजे जखम दाखवणाऱ्या रंगाचा, थेंब सोडून निळा दिवा धरला. बुबुळावर तिरकी हिरवी रेघ उजळली. सशाच्या मागच्या पायाचं नख. ओठ उचलून पाहिलं, तर सुळ्यामागे पांढऱ्या केसांचा पुंजका अडकलेला. चिमट्यानं काढला आणि तिला दिसू न देता टाकून दिला.

"आता तोंडाला रक्त लागलं याच्या. घरात लहान मूल आहे..."

रक्ताची चटक लागते, यावर माझा विश्वास नाही. शिकार आणि राग या मेंदूतल्या वेगळ्या वाटा. चिडलेला कुत्रा गुरगुरतो, दात दाखवतो. समोरच्यानं लांब जावं एवढंच त्याला हवं असतं. शिकारीवरचा कुत्रा बहुतेक वेळा मुकाट असतो. रोखून बघणं, दबा, पाठलाग, पकड, झटका. माणसानं हजारो वर्षांत यातलं काही वाढवलं, काही दाबलं. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर आणि दबा, लॅब्रॅडॉरमध्ये अलगद उचलून आणणं. पुसलं मात्र काहीच नाही.

"गुरगुरला का?"

"नाही हो. शेपूट हलवत माझ्या पायाशी आणून ठेवला."

"खेळणं तोंडात धरून झटके देतो?"

"कापडी माकडाला. रोज. आम्ही हसतो."

"त्याच झटक्यानं मान मोडते."

जरा सबुरीनं सांगायला हवं होतं. ती गप्प झाली. मुलाला कुठल्याच कुत्र्यापाशी एकटं सोडू नये, हे सांगितलं. ते तर मी सगळ्यांनाच सांगतो.

औषध घालायला डोकं धरणारं कुणी हवं होतं, आणि मदतनीस बाहेर गेलेला. ती पुढे आली. हात जबड्यापाशी थबकला, मग कानामागे गेला. कुत्र्यानं सगळा भार तिच्यावर टाकला.

"दिवसातून चार वेळा थेंब. घरातले स्टेरॉइडचे थेंब चुकूनही नकोत, जखम चिघळेल."

"बरं." मग हळूच म्हणाली, "घरी आणखी एक ससा आहे."

"आजच त्याची दुसरीकडे सोय करा."