यीवूला खरेदीला जाताय? आधी एजंटचं गणित समजून घ्या

यीवू म्हणजे चीनमधलं घाऊक बाजाराचं शहर. तिथे जाण्यापूर्वी पुण्यात एक दिवसाचं शिबिर केलं होतं, चिनी व्यापाऱ्यांशी व्यवहार कसा करावा यावर. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, भेट म्हणून घड्याळ न्यायचं नाही, चारचा आकडा टाळायचा, ग्लास भिडवताना आपला ग्लास समोरच्यापेक्षा थोडा खाली धरायचा. दुपारी जेवणानंतर एकच मंत्र: नातं आधी, धंदा नंतर. फी घसघशीत. यातलं खोटं काहीच नाही, पण यीवूच्या बाजारात याचा उपयोग शून्य. गाळ्यातली बाई नूडल्स खाता खाता एका हाताने कॅल्क्युलेटर पुढे सरकवते. मी दोन्ही हातांनी दिलेलं कार्ड तिने बघितलंही नाही, थेट वहीत स्टेपल केलं. पैसे जातात ते दुसरीकडेच, आणि त्याबद्दल शिबिरात चकार शब्द नव्हता.

माझा माल म्हणजे बॅगांचं फिटिंग: बकल, डी-रिंग, हुक, झिपचे रनर. पोचणं सोपं आहे. शांघायच्या होंगछ्याव स्टेशनवरून वेगवान रेल्वेने दीड-दोन तासांत यीवू, तिकीट पासपोर्टवर. अलीपे आणि वीचॅट ही तिथली पैसे देण्याची ॲप घरूनच सुरू करा, त्यांना आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि बँकेत परदेशातला वापर चालू आहे ना बघा. अलीपेवर परदेशी कार्डाने 200 युआनच्या वर गेलात की तीन टक्के कापतात, म्हणून थोडी रोकडही ठेवा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथे चालत नाही. सगळा धंदा वीचॅटवर, आणि त्यातच मेसेजवर बोट दाबून धरलं की भाषांतर मिळतं.

बाजार अवाढव्य आहे. जुने पाच विभाग, गाळे 75 हजारांच्या घरात, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. झिप, बटणं आणि असलं फिटिंग तिसऱ्या विभागात. पाचनंतर कोणी थांबत नाही, शटर म्हणजे शटर.

आता एजंट. यीवूत एजंटशिवाय भागत नाही, हे आधी मान्य करतो. आपण वीस गाळ्यांतून थोडा थोडा माल घेतो, तो एका गोडाऊनला गोळा करणं, खोकी मोजणं, कंटेनर भरणं, निर्यातीचे कागद करणं ही कामं गाळेवाला करत नाही. यासाठी खरेदीवर तीन ते पाच टक्के दलाली उघडपणे घेतात, ती रास्तच आहे. माझा एजंट मात्र म्हणाला, "आपलेच लोक आहात, एकच टक्का द्या." एवढ्या कमीत त्याच्या गोडाऊनचं भाडंही सुटत नाही. मग तो खातो कुठून?

खातो गाळेवाल्याकडून. एजंटने दिलेली दुभाषी पुढे, मी मागे. ती गाळ्यात शिरताना दोन वाक्यं बोलायची आणि मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे यायचा. पंचवीस मिलिमीटरचं बकल 1.30 युआन. घासाघीस केली, 1.28 वर आलं, आम्ही सगळे हसलो. दुभाषीला दुपारची सुट्टी होती त्या दिवशी मी त्याच गाळ्यात एकटा गेलो. बाई नव्हती, तिचा पोरगा मोबाइलवर खेळत बसलेला. तेच बकल दाखवलं, तीच संख्या लिहिली. त्याने मान वर न करता 1.12 टाइप केलं! वीस हजार नगांवर हा फरक 3,200 युआनचा, आणि हे एका आयटमचं. वर एक टक्का दलाली आहेच. त्या रात्री जेवण गेलं नाही.

गाळेवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. मी वर्षातून एकदा जाणार, एजंट त्यांच्याकडे रोज दहा गिऱ्हाइकं आणतो. नातं आधी, धंदा नंतर हे शंभर टक्के खरं आहे, फक्त ते नातं त्या दोघांचं असतं.

म्हणून दुभाषी स्वतः ठरवा, रोजावर, एजंटशी संबंध नसलेला. आधी सगळे भाव त्याच्याबरोबर काढा. प्रत्येक गाळ्यात नगाचा भाव, एका खोक्यात किती नग, खोक्याचं घनमाप, वजन आणि माल किती दिवसांत, एवढं लिहून घ्या, आणि सॅम्पल गाळा नंबरच्या पाटीसकट फोटोत घ्या. भाव युआनमध्येच काढा, डॉलर नको. हा भाव बहुतेक वेळा चिनी कराच्या पक्क्या बिलाशिवायचा असतो, हेही विचारून घ्या. एजंटकडे त्यानंतर जा आणि त्याला फक्त माल गोळा करून चढवण्याचं काम द्या, चार टक्के मागितले तरी द्या. गाळ्याची मूळ ऑर्डर पावती तुमच्या हातात राहिली पाहिजे. "पावत्या आम्हीच सांभाळतो" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

एक छोटं चुंबक खिशात ठेवा. सॅम्पल झिंकच्या ओतीव धातूचं, चुंबक चिकटत नाही. नंतर येतो तो माल मात्र लोखंडी पत्र्याचा, वरून तोच निकेलचा मुलामा. आपल्या पावसाळ्यात त्याला गंज धरतो आणि बॅगवाला माल तोंडावर फेकतो. पावतीवर धातू आणि एका नगाचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि गोडाऊनला माल आला की स्वतः, किंवा पैसे देऊन तपासनीस लावून, मधल्या खोक्यातले नग काढा. वरच्या खोक्यातला माल नेहमी उत्तमच असतो.

पैशांचं थोडक्यात: तीस टक्के आधी, उरलेले तपासणीनंतर. थेट कारखान्याशी व्यवहार असेल तर कंपनीचं चिनी नाव, अंक-अक्षरं मिळून 18 खुणांचा नोंदणी क्रमांक आणि करारावर लाल गोल शिक्का मागा, आणि बँक खातं त्याच नावाचं आहे ना बघा. कोणाच्या खासगी खात्यात पाठवू नका; इकडे बँकेला बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, जुळवून द्यावं लागतं, तिथे अडकाल. खातं बदलल्याचा ईमेल आला तर व्हिडिओ कॉल केल्याशिवाय छदामही पाठवू नका.

कंटेनर पूर्ण भरत नसेल तर अजून एक खड्डा आहे. निंगपो या चिनी बंदरातून न्हावाशेवाचं भाडं जवळजवळ फुकट सांगतात, आणि माल उतरला की इकडच्या एजंटच्या बिलात डिलिव्हरी ऑर्डरपासून (माल सोडवण्याचा कागद) सगळं वसूल होतं. इथल्या खर्चाचा आकडा लेखी घेतल्याशिवाय बुकिंग करू नका. खेळणी तर स्वस्त दिसली म्हणून उचलूच नका. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्या परवान्याशिवाय माल बंदरातून सुटत नाही. इतर मालाचं आपल्या सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, निघण्याआधी विचारा.

मध्ये हांगचौला तळं बघायला गेलो, छान आहे. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, यीवूत भारतीय हॉटेलं आहेत.

चिनी नववर्षाच्या आसपास जाऊ नका. बाजार बंद, कामगार गावी, आणि सुट्टीनंतरचे काही आठवडे नवख्या हातांचा माल निघतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही देशभर सुट्टी असते. आणि तुमची एकूण खरेदी चार-पाच घनमीटरच्या आत असेल तर विमानाचं तिकीट काढूच नका. मुंबईतल्या आयातदाराकडून रोखीने घ्या, नगामागे थोडे जास्त जातील, पण गंजलेलं बकल दुसऱ्या दिवशी त्याच्याच काउंटरवर नेऊन आपटता येईल.