फरशीखालची केबल, छताचं पॅनल आणि नाशिकची थंडी

निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात गोठलेल्या दवाचे फोटो येतात आणि इकडे नाशिक शहरात हीटरची चौकशी सुरू होते. शहरात मात्र पारा साधारण नऊ-दहापर्यंत उतरतो, तोही पहाटे. त्याच दिवशी दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं ऊन पडलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे खरी ऊब लागते ती डिसेंबर-जानेवारीत, रात्री दहा ते बारा आणि पहाटे पाच ते आठ. थंड देशांत सहा-सहा महिने अहोरात्र घर तापवतात. तिथली पद्धत तशीच्या तशी इथे बसवली की पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

किरणांनी ऊब देणारी म्हणजे रेडियंट साधनं इथे शोभतात, ती याचमुळे. हिवाळ्यात अंगणातल्या कोवळ्या उन्हात बसलं की हवा गार असूनही अंग गरम होतं. ही साधनं तेच करतात. शरीराला जाणवणारं तापमान हे ढोबळमानाने खोलीतली हवा आणि भोवतालच्या भिंती-फरशी यांची सरासरी असतं. हवा २० अंशांवर नेली आणि भिंती १५ वर राहिल्या, तर अंगाला साडेसतराच लागतात. म्हणून फॅन-हीटर बंद केला की पाच मिनिटांत पुन्हा हुडहुडी भरते.

साधन निवडण्याआधी खोलीला किती वॅट लागतात ते काढा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, दोन भिंती बाहेरच्या, चार बाय चारची एक काचेची खिडकी, बाहेर ९ अंश आणि आत २० हवेत. नऊ इंची विटेच्या भिंतींतून साधारण ४६० वॅट जातात, खिडकीतून ९०-९५, फटींतून येणाऱ्या हवेपायी सव्वाशेच्या आसपास. मधल्या मजल्यावर बेरीज पावणेसातशेची होते. तीच खोली वरच्या मजल्यावर असेल तर उघड्या आरसीसी स्लॅबमधून आणखी सव्वाचारशे वॅट जातात, म्हणजे अकराशे. भिंत सहा इंची असेल तर आकडा अजून चढतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हीटरआधी गच्चीच्या उष्णतारोधनाचा विचार करावा. तो खर्च एप्रिल-मे महिन्यांतही कामी येतो, हीटर येत नाही.

आता फरशीखालची केबल, म्हणजे टाइलखाली पुरायची, विजेने तापणारी तार. हौसेने संपूर्ण बेडरूममध्ये टाकायची चर्चा निघते तेव्हा हे बघा: पलंग आणि कपाटाखाली केबल टाकायची नसते. त्यामुळे सव्वाअकरा चौरस मीटरच्या खोलीत मोकळी जागा राहते जेमतेम सहा चौरस मीटर. अनवाणी पायाला सोसेल असं फरशीचं तापमान २९ अंशांपर्यंत. त्या तापमानाला एका चौरस मीटरमधून खोलीत साधारण १०० वॅट येतात. म्हणजे सहाशे. मधल्या मजल्यावर जेमतेम भागतं, वरच्या मजल्यावर भागत नाही. शिवाय आपल्याकडे फरशीवर गादी टाकून झोपतात, सतरंज्या-गालिचे अंथरतात. त्याखाली उष्णता कोंडते आणि केबल जास्त तापते. म्हणून बेडरूमला केबल नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाथरूमला आणि तळमजल्यावरच्या एखाद्या वृद्ध माणसाच्या खोलीतल्या बसण्याच्या जागेला मात्र तिच्यासारखं सुख नाही.

पाच बाय सातच्या बाथरूममध्ये कमोड आणि पाणी जाण्याची जाळी सोडून दोन चौरस मीटर जागा मिळते. चौरस मीटरला १५० वॅटची मॅट (जाळीवर वळवून बसवलेली केबल) घेतली तर ३०० वॅट झाले. खोक्यातून काढल्याबरोबर मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा: २३० चा वर्ग भागिले ३०० म्हणजे १७६ ओम. आकडा लेबलवरच्या आकड्याच्या उणे पाच ते अधिक दहा टक्क्यांत हवा. मग मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्टवर लावून तारा आणि केबलमधली अर्थिंगची जाळी यांमधलं इन्सुलेशन तपासा. नवी केबल शेकड्यांत मेगाओम दाखवते. हेच मोजमाप अंथरल्यावर, अ‍ॅडहेसिव्ह पसरल्यावर आणि टाइल बसल्यावर पुन्हा करायचं आणि चारही आकडे कागदावर लिहून ठेवायचे. फरशीवाल्याच्या थापीचा कोपरा केबलला लागला की वरून काही दिसत नाही. मेगरचा काटा पडतो तेव्हाच कळतं. टाइल ओली असताना कळलं तर ती उचलता येते, आठवड्याने कळलं तर फोडावी लागते.

थर असे: खाली वॉटरप्रूफिंग केलेला उताराचा कोबा, त्यावर ६ किंवा १० मिलिमीटरचा एक्सपीएसचा (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचा) टाइल-बोर्ड, त्यावर मॅट, मॅट पूर्ण बुडेल असा लवचिक, पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्हचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा आणखी एक हात, मग टाइल. बोर्ड गाळायचा मोह टाळा. तो नसेल तर निम्मी उष्णता स्लॅब किंवा खालचा मुरूम-सोलिंग तापवण्यात जाते आणि अर्ध्या तासात गरम व्हायची फरशी दीड तास घेते. या सगळ्यामुळे जमीन टाइल सोडून पंधरा-वीस मिलिमीटर उचलली जाते, तेव्हा जुन्या बाथरूममध्ये आधीची टाइल काढूनच काम करा. नाहीतर उंबऱ्याची पातळी हुकते आणि पाणी बेडरूमकडे वाहतं.

मॅट जागेत बसत नाही म्हणून केबल कापणं ही सर्वांत महागडी चूक. मॅटची जाळी कापून वळवता येते, केबल कधीच कापायची नसते. लांबी निम्मी केली तर रेझिस्टन्स निम्मा होतो, एकूण वॅट दुप्पट आणि दर मीटरमागची उष्णता चौपट. अशी केबल फार टिकत नाही. उरलेली केबल कोपऱ्यात गुंडाळून पुरणं हेही तितकंच वाईट. दोन वेढे एकमेकांवर आले की तिथेच जळते. केबलखाली पोकळी राहिली तरी तेच, कारण हवा उष्णता ओढून नेत नाही. म्हणून माल ठिपक्यांनी न टाकता सलग पसरायचा. गरम तार (तापणारी केबल) आणि थंड तार (पुरवठा आणणारी, न तापणारी) यांचा जोड अ‍ॅडहेसिव्हमध्येच बुडलेला हवा, भिंतीतल्या पाइपमध्ये ओढून घ्यायचा नाही.

थर्मोस्टॅट (तापमान बघून पुरवठा चालू-बंद करणारा स्विच) बाथरूमच्या बाहेर. त्याचा सेन्सर केबलच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मधोमध, टोक बंद केलेल्या पातळ पाइपात सरकवा, म्हणजे बिघडल्यावर ओढून दुसरा घालता येतो. केबलला चिकटून ठेवला तर तो केबलचंच तापमान वाचतो आणि फरशी गार असताना पुरवठा तोडतो. टाइल बसल्यावर अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर लिहिलेले दिवस जाऊ द्यायचे, साधारण सात ते चौदा. पाहुणे येणार म्हणून तिसऱ्या दिवशी चालू केलं तर माल वाळण्याऐवजी तडकतो. आणि हो, नंतर दाराचा स्टॉपर बसवायला कोणी ड्रिल घेऊन येणारच आहे. मॅट अंथरलेली असतानाच मोबाइलवर टेपसकट फोटो काढून ठेवा.

बेडरूमसाठी सपाट इन्फ्रारेड पॅनल बरं. दोन बाय चार फुटांचं पॅनल साधारण ७०० वॅटचं असतं, पृष्ठभाग नव्वद-शंभर अंशांपर्यंत जातो, उजेड पडत नाही, पाच-दहा मिनिटांत ऊब लागते. ते छताला, पलंगाच्या पायांकडच्या बाजूला लावा. नेमकं डोक्यावर आलं की कपाळ तापतं आणि पाय गारच राहतात. आपल्याकडे खोलीच्या मधोमध पंखा असतो, त्यामुळे पाती आडवी येणार नाहीत इतकं बाजूला सरकवावं लागतं. पीओपीच्या छतात खाचा पाडून बसवू नका, मागे हवेला वाट हवी. अँकर फास्टनर स्लॅबमध्ये गेले पाहिजेत, पीओपीत नव्हे. खिडकीसमोर लावलं तर काच ती ऊब शोषून अर्धी बाहेर फेकते. निदान जाड पडदा तरी ओढा, आणि तो पॅनलपासून हातभर लांब ठेवा.

बाजारात हजार-दीड हजारात मिळणारे क्वार्ट्‌झ आणि हॅलोजन हीटरही रेडियंटच. ४००-८०० वॅटमध्ये समोर बसणाऱ्याला ते उत्तम ऊब देतात. पण कांडी लालभडक असते, म्हणून पांघरूण, मच्छरदाणी आणि पेपर यांपासून किमान मीटरभर अंतर हवं आणि झोपताना बंद. घेताना आयएसआय चिन्ह आणि आडवा पडल्यावर आपोआप बंद होणारा स्विच, दोन्ही बघा. ‘हीटर ऑक्सिजन खातो’ हे विजेच्या हीटरबाबत खरं नाही. ते कोळशाच्या शेगडीचं काम, आणि बंद खोलीत शेगडी जीवघेणी. हवा कोरडी होते हे मात्र खरं: ७० टक्के आर्द्रतेची १० अंशांची हवा २० वर नेली की आर्द्रता ३७ टक्क्यांच्या आसपास येते.

वायरिंगकडे सर्वांचंच दुर्लक्ष होतं. दोन हजार वॅटचा हीटर पावणेनऊ अँपिअर घेतो. सहा अँपिअरच्या सॉकेटला मागे एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची वायर असते. अडॅप्टर लावून हीटर चालवला की आधी पिन काळी पडते, मग सॉकेट वितळतं. सोळाचं सॉकेट, अडीचची तांब्याची वायर, सोळाचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) एवढं तरी हवंच. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत अजून अ‍ॅल्युमिनियमची वायर सापडते, ती आधी बदला. आपली जमीन काळ्या खडकाची. खड्डा उथळ असेल तर अर्थिंग नावापुरतंच राहतं, तेव्हा वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्या. गावाकडच्या बंगल्यांत व्होल्टेज २०० पर्यंत पडलं की हजार वॅटचा हीटर साडेसातशेच देतो. तो हीटरचा दोष नव्हे.

बिलाचं म्हणाल तर ७०० वॅटचं पॅनल रोज पाच तास, थर्मोस्टॅटमुळे त्यातला साठ टक्के वेळच चालू, असं धरलं तर महिन्याला ६३ युनिट. बाथरूमची मॅट रोज दीड तास म्हणजे साडेतेरा युनिट. ८०० वॅटची कांडी सहा तास जाळली तर १४४. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे तुमचे हे युनिट वरच्या टप्प्यात ढकलले जातात का, तेवढं पाहा. आणि संपूर्ण खोली तासन्‌तास उबदार ठेवायची असेल तर सरळ हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसी घ्या. तो एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची उष्णता आत आणतो. त्या खेळात रेडियंट साधन हरतं. ते जिंकतं ते एका माणसाच्या एका तासाच्या उबेत.

पहाटेसाठी टायमर लावा: बाथरूमची मॅट उठायच्या पाऊण तास आधी, पॅनल दहा मिनिटं आधी. दुपारी दक्षिणेच्या खिडक्या उघडून ऊन आत घ्यायचं आणि चारच्या सुमारास बंद करायच्या. दिवाळी झाली की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, कांडीवरची वर्षभराची धूळ कोरड्या ब्रशने झाडा, आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा दहा मिनिटं तिथेच बसा. धुळीचा वास तेवढ्यात गेला तर ठीक; प्लास्टिकचा वास आला तर प्लग काढा आणि सॉकेट उघडून बघा.