एफ-वन २०२४ ची हंगाम-वही: २,६५९ ची बेरीज जुळेपर्यंत

फॉर्म्युला वन (एफ-वन) मोटार शर्यतींच्या हंगामाची नोंद ठेवायला स्प्रेडशीटमध्ये एक वही बनवली आहे. तिची आजची स्थिती: कॅलेंडर पूर्ण, संघ आणि ड्रायव्हर पूर्ण, २४ रेस आणि ६ स्प्रिंटचे (छोट्या शर्यतींचे) निकाल भरून झालेत, दोन्ही गुणतक्ते अधिकृत अंतिम तक्त्यांशी जुळलेत. क्वालिफाइंगचं (रेसला कोण कुठून सुरुवात करणार ते ठरवणाऱ्या सत्राचं) पान अर्ध्यावर आहे. २०२५ चा हंगाम त्याच साच्यात घालून पाहिला, त्याबद्दल शेवटी.

साचा तपासायला २०२४ च का घेतलं, तर साचा कुठे कुठे फुटू शकतो ते या एका वर्षात सगळं दिसतं. संघ १०, गाड्या २०, पण वर्षभरात रेस धावलेले ड्रायव्हर २४. एकाने दोन वेगवेगळ्या संघांसाठी गुण मिळवले, एक विजेता रेसनंतर बाद झाला, एका रेसला १९ च गाड्या होत्या, आणि गुणतक्त्यात बरोबरीच्या जोड्याही निघाल्या. 'ड्रायव्हर, त्याचा संघ, त्याचे गुण' एवढ्या तीन रकान्यांवर उभी केलेली वही दुसऱ्याच रेसला चुकते.

कॅलेंडर

रकाने असे ठेवले: आयडी, रेसचं नाव, सर्किट, स्थानिक तारीख, स्थानिक वेळ, यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक, स्प्रिंट आहे की नाही, ठरलेल्या लॅप (सर्किटची एक पूर्ण चक्कर म्हणजे एक लॅप), झालेल्या लॅप. आयडी म्हणजे वर्ष आणि रेसचा हंगामातला क्रम, उदाहरणार्थ २०२४-०५. देशाचं नाव आयडी म्हणून चालत नाही. २०२४ ला अमेरिकेत मायामी, ऑस्टिन आणि लास वेगास अशा तीन रेस होत्या, इटलीत इमोला आणि मोंझा. देशाच्या नावावर लुकअप (ओळ शोधून आणणारा फॉर्म्युला) लावला तर पहिली सापडलेली ओळच परत येते आणि मोंझाच्या जागी गुपचूप इमोला बसतं.

तारखांचा घोळ नेहमीचाच. ७/४ असं टाइप केलं की शीटच्या सेटिंगप्रमाणे ते ७ एप्रिल होतं किंवा ४ जुलै. त्यामुळे तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने भरायची आणि शेजारी वाराचा रकाना ठेवायचा. २०२४ च्या २४ रेसपैकी फक्त तीन शनिवारी झाल्या: बहारीन २ मार्च, जेद्दा ९ मार्च आणि लास वेगास २३ नोव्हेंबर. बाकी सगळे रविवार. सुझुकाच्या (७ एप्रिल) ओळीत गुरुवार दिसला तर दिवस आणि महिना उलटलेत. ही तपासणी तीन ओळींवर आंधळी आहे: मायामी ५ मे, सिल्व्हरस्टोन ७ जुलै आणि बहारीन २ मार्च. पहिल्या दोन ठिकाणी उलटलं तरी तारीख तीच राहते, पण बहारीनचं ३ फेब्रुवारी झालं तरी वार शनिवारच येतो, म्हणून ती ओळ डोळ्यांनी तपासायची.

पहिल्या दोन रेस शनिवारी येण्याचं कारण रमजान. जेद्दाची रेस त्याआधी उरकायची होती म्हणून ती शनिवारी आली आणि मग बहारीनलाही एक दिवस आधी सरकावं लागलं.

वार नेहमी स्थानिक तारखेवरून काढायचा. लास वेगासची रेस तिथल्या शनिवारी रात्री १० वाजता सुरू झाली, म्हणजे यूटीसीप्रमाणे रविवारी २४ तारखेला सकाळी ६. फक्त यूटीसी साठवलं तर शनिवारची ही रेस रविवारच्या यादीत जाते. यूटीसीचा फरकही सर्किटच्या पानावर कायमचा लिहून ठेवू नये, तो त्या रेसच्या ओळीतच हवा. ऑस्टिन आणि मेक्सिको सिटी या लागोपाठच्या रेस, दोन्ही स्थानिक वेळेनुसार दुपारी २ वाजता. पण ऑस्टिनला उन्हाळी वेळ चालू होती आणि मेक्सिकोने ती पद्धतच बंद केली आहे, म्हणून पहिली १९:०० यूटीसी आणि दुसरी २०:०० यूटीसी. त्यानंतरच्या साओ पावलोत पावसाच्या अंदाजामुळे रेस दीड तास अलीकडे, १२:३० वर आणली गेली. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ असे दोन रकाने त्यामुळेच करावे लागले.

लॅपचंही तसंच. साओ पावलोत ७१ लॅप ठरल्या होत्या, पण फॉर्मेशन लॅपवरच (सुरुवातीआधीच्या संथ चकरेतच) गोंधळ होऊन सुरुवात लांबली आणि रेस ६९ लॅपची झाली. एकूण अंतर 'लॅपची लांबी गुणिले लॅप' या फॉर्म्युल्याने काढू नका. स्पाला ७.००४ किमी गुणिले ४४ म्हणजे ३०८.१७६ किमी येतात, अधिकृत अंतर मात्र ३०८.०५२. सुरुवातीची रेषा आणि शेवटची रेषा एकाच जागी नाहीत, १२४ मीटरचा फरक आहे. मोंझाला तो ३०९ मीटर आहे. मोनॅकोत फरक नाही, ३.३३७ गुणिले ७८ बरोबर २६०.२८६ येतं. फरकासाठी सर्किटच्या पानावर एक वेगळा रकाना पुरतो.

संघ

इथे काम थोडं आहे, पण पहिल्या दिवशीच नीट करायला हवं. संघाला स्वतःचा न बदलणारा आयडी द्यायचा आणि नावं वर्षवार दुसऱ्या पानावर. फाएन्झाचा संघ २००६ पासून टोरो रोसो, २०२० पासून अल्फाटाउरी आणि २०२४ ला आरबी. हिन्विलचा सौबर मधली वर्षं अल्फा रोमिओ या नावाने धावला आणि २०२४ ला किक सौबर झाला. नावालाच आयडी केलं तर दहा वर्षांचा आलेख काढताना एका संघाचे तीन तुकडे होतात. इंजिनचा रकानाही वर्षवार पानावरच ठेवा.

ड्रायव्हर आणि गाडीचे नंबर

गाडीचा नंबर हा ड्रायव्हरचा आयडी नाही. वेर्स्टापेनचा तेव्हा स्वतःचा नंबर ३३, पण आदल्या वर्षीचा जगज्जेता म्हणून २०२४ ला तो १ नंबरने धावला. बेअरमन तर एकाच वर्षात दोन नंबरांनी धावला: जेद्दात फेरारीकडून ३८, बाकू आणि साओ पावलोत हासकडून ५०. बदली ड्रायव्हरला संघाच्या राखीव नंबरांतला एक मिळतो. म्हणून नंबर नोंदींच्या पानावर, रेसच्या ओळीत.

नोंदींचं पान

सगळी वही या पानावर उभी आहे. एक ओळ म्हणजे एक ड्रायव्हर, एक गाडी, एक रेस. रकाने: रेसचा आयडी, ड्रायव्हरचा आयडी, संघाचा आयडी, गाडीचा नंबर, प्रकार (रेस की स्प्रिंट), स्थान, स्थिती, फास्टेस्ट लॅप. ड्रायव्हरच्या पानावर 'संघ' हा रकाना ठेवायचाच नाही. मोह होतो, पण ठेवायचा नाही.

कारण बेअरमन. त्याचे वर्षाचे गुण ७: साइन्झच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे जेद्दात फेरारीकडून सातवा, ६ गुण. मॅग्नुसनच्या परवान्यावर १२ दंडगुण झाल्याने त्याच्यावर एका रेसची बंदी आली, म्हणून बाकूत हासकडून दहावा, १ गुण. ड्रायव्हरच्या पानावर 'हास' लिहून संघाची बेरीज केली तर फेरारी ६५२ ऐवजी ६४६ वर दिसते आणि हास ५८ ऐवजी ६४ वर, म्हणजे ६५ वाल्या अल्पीनच्या अगदी मानेवर. क्रमवारी बदलत नाही, त्यामुळे ही चूक नजरेतूनही सुटते.

बाकीच्या बदल्या: मोंझापासून सार्जंटच्या जागी कोलापिंतो, ऑस्टिनपासून रिकार्डोच्या जागी लॉसन, अबू धाबीत ओकॉनच्या जागी डूहान. मेलबर्नला आल्बनची गाडी सरावात फुटली, जादा चॅसी (गाडीचा सांगाडा) नव्हती, म्हणून सार्जंटची गाडी आल्बनला दिली गेली. रेसच्या ओळी मग ४८० न होता ४७९ होतात. 'प्रत्येक रेसला २० ओळी आहेत का' अशी तपासणी लावली असेल तर इथे लाल दिवा लागतो आणि तो लागायलाच हवा. अपवाद म्हणून शेरा लिहायचा, खोटी विसावी ओळ घालायची नाही.

स्थान आणि स्थिती हे दोन वेगळे रकाने का, ते मेलबर्न आणि बाकूवरून कळतं. रसेल मेलबर्नला शेवटच्या लॅपवर भिंतीला आदळला, तरी निकालात सतरावा. बाकूत पेरेझ आणि साइन्झ एकमेकांवर आदळून थांबले, तेही सतरावा आणि अठरावा. विजेत्याच्या ९० टक्के अंतर पार केलं की निकालात स्थान मिळतं, गाडी रेषा ओलांडो न ओलांडो. एकाच रकान्यात कधी आकडा, कधी डीएनएफ (रेस पूर्ण केली नाही) असं भरलं तर अशा ओळींत दोन्हींपैकी एक माहिती जाते, आणि सरासरी काढणारा फॉर्म्युलाही गडबडतो.

निकाल रेस संपल्याबरोबर भरू नका. स्पाला रसेल पहिला आला, नंतर गाडीचं वजन किमान ७९८ किलोपेक्षा दीड किलो कमी भरलं आणि तो बाद झाला. हॅमिल्टन विजेता ठरला, मागचे सगळे एकेक स्थान वर सरकले आणि रिकार्डोला दहाव्या स्थानाचा एक गुण मिळाला. म्हणजे एका निर्णयाने ११ ड्रायव्हरांचे गुण बदलले.

बेरजेची तपासणी

गुणांचे आकडे फॉर्म्युल्यात लिहायचे नाहीत, नियमांचं वेगळं पान हवं: हंगाम, प्रकार, स्थान, गुण. २०२४ साठी रेसला २५-१८-१५-१२-१०-८-६-४-२-१, स्प्रिंटला ८ पासून १ पर्यंत, आणि फास्टेस्ट लॅपला (रेसमधल्या सर्वांत वेगवान लॅपला) १, पण ड्रायव्हर पहिल्या दहात असेल तरच.

आता कागदावरची बेरीज. रेसला १०१ गुण, २४ रेस म्हणजे २,४२४. स्प्रिंटला ३६, सहा स्प्रिंट म्हणजे २१६. एकूण २,६४०. वर फास्टेस्ट लॅपचे गुण. २४ पैकी पाच वेळा तो गुण कुणालाच मिळाला नाही: मायामीत पियास्त्री तेरावा, श्पीलबर्गला अलोन्सो अठरावा, सिंगापूरला रिकार्डो अठरावा, ऑस्टिनला ओकॉन अठरावा, अबू धाबीत मॅग्नुसन सोळावा. उरले १९. म्हणून वर्षाची बेरीज २,६५९ यायला हवी, ड्रायव्हरांच्या तक्त्यातही आणि संघांच्या तक्त्यातही. २,६६४ आली तर पहिल्या दहाची अट फॉर्म्युल्यात राहून गेली आहे.

ही तपासणी उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही. स्पाचा कच्चा निकाल भरला तरी रेसची बेरीज फास्टेस्ट लॅप धरून १०२ च येते, बेअरमनचे गुण चुकीच्या संघात गेले तरी एकूण तेच. म्हणून दुसरी तपासणी संघवार: मॅक्लारेन ६६६, फेरारी ६५२, रेड बुल ५८९, मर्सिडीज ४६८, अॅस्टन मार्टिन ९४, अल्पीन ६५, हास ५८, आरबी ४६, विल्यम्स १७, सौबर ४. हे दहा आकडे वेगळ्या सेलमध्ये हाताने टाइप करा आणि फरकाचा रकाना शून्य आहे का ते बघा.

बरोबरी

आल्बन १२, रिकार्डो १२. बरोबरी झाली की कुणाची वरची स्थानं जास्त ते बघतात, आणि त्यात फक्त मुख्य रेस धरतात. आल्बनचं सर्वोत्तम बाकूतलं सातवं, रिकार्डोचं माँट्रिऑलमधलं आठवं, म्हणून आल्बन सोळावा आणि रिकार्डो सतरावा. पण रिकार्डो मायामीच्या स्प्रिंटमध्ये चौथा होता. स्थानं मोजताना 'प्रकार' रकान्याची अट विसरली की वही रिकार्डोला वर चढवते. झोऊ आणि लॉसन दोघेही ४ वर: झोऊ लुसैलला एकदा आठवा, लॉसन दोनदा नववा, म्हणून झोऊ वर.

क्रम लावायला प्रत्येक ड्रायव्हरसाठी १ ते २० स्थानांची मोजणी करायची, प्रत्येक मोजणी दोन अंकी करून गुणांच्या मागे एकाला एक जोडायची. हा लांबलचक आकडा संख्या म्हणून ठेवू नका. शीट १५ अंकांपुढचे अंक शून्य करते आणि बरोबरी सुटायच्या ऐवजी पक्की होते. मजकूर म्हणून ठेवला तरी काउंट-इफ (अटीत बसणारे सेल मोजणारा फॉर्म्युला) त्याला पुन्हा संख्या समजतं. सुरुवातीला एखादं अक्षर जोडलं की ते थांबतं. गुणांना आधी १० ने गुणून चार अंकी करून घ्या, कारण मजकूर म्हणून तुलना होताना लांबी सारखी लागते आणि जुन्या वर्षांत अर्धे गुण येतात. २०२१ च्या स्पाला विजेत्याला १२.५ मिळाले होते.

बाकी काम

क्वालिफाइंगचं स्थान आणि ग्रिडवरचं (दंड धरून प्रत्यक्ष सुरुवातीचं) स्थान हे वेगळे रकाने केलेत. स्पाला सर्वांत वेगवान वेर्स्टापेन, पण दहा स्थानांच्या दंडामुळे तो अकरावा उभा राहिला आणि पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, लक्लेरची. लुसैललाही वेगवान तोच, एका स्थानाच्या दंडाने पोल रसेलची. पिटलेनमधून (गॅरेजसमोरच्या रस्त्यावरून) सुरुवात करणाऱ्यांना ग्रिडचा आकडा द्यायचा नाही, स्थितीत 'पिटलेन' लिहायचं. हे सगळं भरायला वेळ लागतो, कारण दंडाची कागदपत्रं रेसगणिक वाचावी लागतात.

२०२५ साठी नोंदींच्या पानाला हातही लावावा लागला नाही. फास्टेस्ट लॅपचा गुण त्या वर्षापासून रद्द झाला, म्हणून नियमांच्या पानावर तिथे ०. रेस २४ च, स्प्रिंट ६ च, त्यामुळे बेरीज नेमकी २,६४० यायला हवी आणि आली. त्सुनोदाचे ३३ गुण आपोआप फुटले: शांघायच्या स्प्रिंटचे ३ रेसिंग बुल्सकडे, सुझुकापासूनचे ३० रेड बुलकडे, आणि रेड बुल ४५१ वर जुळली. २०२६ ला कॅडिलॅक अकरावा संघ म्हणून आल्याने गाड्या २२ झाल्या आहेत. तेव्हा स्थानांची मोजणी १ ते २२ करायची आणि ओळींच्या तपासणीतला २० हा आकडा हंगामाच्या पानावरून उचलायचा. तेवढा बदल अजून साच्यात व्हायचा आहे.